बोटीच्या तळाला काय मारायचं: तांबं, ट्रालोपायरिल की मेडेटोमिडीन?

1 जूनला मासेमारीची बंदी लागते, बोटी वर ओढल्या जातात आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो की यंदा तळाला कुठला अँटीफाउलिंग (तळावर शेवाळ, शिंपलं धरू नयेत म्हणून मारायचा पेंट) मारू, तांब्याचाच बरा की ते "इको" लिहिलेले नवीन घेऊ. डब्यावरचं "इको" बाजूला ठेवा आणि आत कुठलं औषध घातलंय तेवढं वाचा, कारण सगळा फरक तिथेच आहे.

टीबीटी (ट्रायब्युटिल टिन, कथिलाचं जुनं औषध) कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी हातही लावू नका. फ्रान्समधे आर्काशोंच्या खाडीत कालवांची शिंपलं त्याने जाडजूड, वाकडी झाली होती, गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटलेलं 1999 मधे नोंदलंय, आणि 2008 पासून आंतरराष्ट्रीय करारानेच ते बंद आहे. सायब्युट्रिन म्हणून एक शेवाळमार औषध यायचं, तेही 2023 पासून त्याच यादीत गेलं.

आता तांबं. आपल्याकडे सगळ्यात जास्त हेच चालतं, क्युप्रस ऑक्साईड, आणि पेंटच्या वजनाच्या 40 टक्क्यांपर्यंतही असतं. बार्नकलवर (तळाला घट्ट चिकटणारे कवचवाले छोटे जीव) खात्रीचं काम करतं, स्वस्त पडतं, कुठेही मिळतं. पण तांबं हा धातू आहे, तो कुजत नाही, बोटीवरून सुटला की बंदराच्या चिखलात जाऊन बसतो आणि बसूनच राहतो. अमेरिकेत सॅन दिएगोच्या शेल्टर आयलंड बंदरात तर पाण्यातलं बहुतेक तांबं बोटींच्या तळाचंच निघालं. आपल्या खाड्या अरुंद, त्यात शंभर बोटी एका जागी बांधलेल्या आणि बाजूलाच कालवं, तिसऱ्या काढतात, म्हणून मला हे जास्त टोचतं. आणि ॲल्युमिनियमची बोट असेल तर तांबं अजिबात नको, तळ गंजून भोकं पडतील.

ट्रालोपायरिल मधे धातू नाही. 3 ते 6 टक्के घातलं की पुरतं, बार्नकल आणि शिंपल्यांवर चांगलं चालतं आणि समुद्राच्या पाण्यात तासांच्या हिशोबात मोडून जातं, कोमट पाण्यात तर अजून लवकर, म्हणजे आपल्याकडे फायदाच. पण मोडेपर्यंत ते माशांना चांगलंच विषारी असतं, त्यामुळे "निरुपद्रवी" वगैरे कोणी सांगितलं तर मानू नका. शेवाळावर कमी पडतं म्हणून सोबत बहुतेक वेळा झिंक पायरिथिऑन असतं, आणि ते उन्हात पटकन मोडतं हे खरं असलं तरी आपल्या गढूळ खाडीत खालपर्यंत ऊन पोचतंय कुठे, त्यामुळे स्वच्छ पाण्यातला तो हिशोब इथे जसाच्या तसा धरता येत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं म्हणजे मेडेटोमिडीन. मूळ जनावरांना गुंगी आणायचं औषध, पण बार्नकलच्या पिल्लावर उलटा परिणाम होतो, ते चिकटायचं सोडून पाय मारत पोहत सुटतं. मरत नाही, पाण्यात दूर गेलं की परत ठीक होतं. पेंटमधे फक्त 0.1 टक्का लागतं, तांब्याच्या 40 शेजारी हा आकडा ठेवून बघा! अडचण एवढीच की शेवाळ, चिकट थर यांना ते रोखत नाही, म्हणून एकटं चालत नाही, कमी तांब्याच्या किंवा दुसऱ्या औषधाच्या जोडीने येतं. महाग आहे आणि लहान बंदरात मागवावं लागतं.

डीसीओआयटी नावाचं अजून एक औषध पेंटमधे येतं, ते पण पाण्यात लवकर मोडतं, 1996 मधे अमेरिकेत त्याला ग्रीन केमिस्ट्रीचं बक्षीस मिळालंय, पण कातडीला वाईट ॲलर्जी देतं, हातमोज्याशिवाय माणसं कामाला लावू नका.

बिनऔषधाचा सिलिकॉनचा गुळगुळीत कोट पाण्याला सगळ्यात स्वच्छ, पण बोट वेगात आणि रोज पळाली तरच घाण सुटते. आठवडाभर जेट्टीला बांधून ठेवणाऱ्या ट्रॉलरला त्याचा उपयोग नाही, दोर घासला की फाटतो तो वेगळाच.

तर फायबरचा ट्रॉलर असेल आणि बार्नकलचाच त्रास असेल तर मी कमी तांबं अधिक मेडेटोमिडीनवाला घेईन, ॲल्युमिनियमला ट्रालोपायरिल, आणि बजेट नसेल तर साधा तांब्याचाच मारा, पण जुना थर खरवडताना खाली ताडपत्री अंथरा आणि तो चुरा गोळा करून वर न्या, भरतीला खाडीत जाऊ देऊ नका, कारण वर्षभर हळूहळू सुटायचं ते सगळं त्यात एकदम पाण्यात जातं.