सोमा एफएम: जाहिरात नाही, म्हणूनच वर्गणी द्यावी असा रेडिओ

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कास्टिंगची ड्रॉइंग काढायचं माझं काम. समोर स्क्रीन, पलीकडं लेथची घरघर आणि कानात सोमा एफएम. सॅन फ्रान्सिस्कोचा हा इंटरनेट रेडिओ 2000 सालापासूनचा. तिसाच्या वर चॅनल, जाहिरात एकही नाही. माझं कायमचं चॅनल ‘ग्रूव्ह सॅलड’. संथ संगीत, शब्द कमी, त्यामुळं मापं टाकताना लक्ष हलत नाही. ‘सबर्ब्स ऑफ गोवा’वर आपल्याकडचे सूर इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर येतात, ते काम आटोपल्यावर लावावं. नेट रडत असलं तर कमी बिटरेटची स्ट्रीम घ्या, छान चालते.

हवं ते गाणं मात्र लावता येत नाही. मित्र यावरच नाक मुरडतात. पण अमेरिकेत अशा रेडिओला कायद्यानं सरसकट परवाना मिळतो तो याच अटीवर, की गाणी श्रोत्यानं निवडायची नाहीत. शिवाय रॉयल्टी मोजतात ती दर गाण्याला, दर श्रोत्यामागं. तिथल्या कॉपीराइट रॉयल्टी बोर्डानं 2007 साली जे दर जाहीर केले, त्यात 2010 साठी 0.19 सेंट होता. ऐकायला चिल्लर. आता तासाला 10 गाणी, 8 तासांची पाळी आणि 1000 श्रोते धरा: दिवसाला 152 डॉलर झाले! श्रोते वाढले की बिलही वाढणार. आणि टॉवरवरून वाजणाऱ्या एफएमला तिथं ध्वनिमुद्रणापोटी गायक-वादकांना काहीच द्यावं लागत नाही. हा दुजाभाव मला अजिबात पटत नाही. कलाकाराला पैसे मिळालेच पाहिजेत, पण मग सगळ्यांकडून घ्या की. त्याआधीच्या अशाच दरांपायी 2002 मध्ये सोमा काही महिने बंद होता.

आपल्याकडची अडचण वेगळी. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम 31डी आलं आणि प्रसारकांना ठरलेल्या दरात गाणी वाजवायची सोय झाली. ती रेडिओ-टीव्हीपुरतीच, इंटरनेटला नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये दिला. म्हणजे उद्या कोल्हापुरातल्या कुणी नाट्यसंगीताचं किंवा लावणीचं असं स्टेशन काढायचं म्हटलं, तर परवानगीसाठी एकेका संगीत कंपनीचे उंबरठे झिजवायचे. इतकी गाणी या गावात जन्मली, आणि असं स्टेशन इथं नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोमा फुकट ऐकता येतो, श्रोत्यांच्या देणगीवर चालतो. मी देतो. आठवडाभर ऐका, आवडला तर तुम्हीही द्या.