एडीएचडी आणि अमेरिकेतलं कॉलेज: हाक कोण मारणार?

अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेजची वेबसाइट उघडा, एडीएचडीसाठीच्या (म्हणजे लक्ष टिकवणं, काम वेळेत मार्गी लावणं जड जाण्याच्या अवस्थेसाठीच्या) सवलतींची यादी सारखीच दिसते. परीक्षेला जादा वेळ, वेगळी शांत खोली, लेक्चर रेकॉर्ड करायची परवानगी, नोट्सची मदत. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातलं कलम ५०४ आणि १९९० चा एडीए हा अपंगांच्या हक्कांचा कायदा यांच्यामुळे जवळजवळ प्रत्येक कॉलेजला अशी मदत द्यावीच लागते, आणि तिचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. आम्ही मुलासाठी कॉलेज शोधताना दोन महिने या याद्या ताडून पाहण्यात घालवले. ते दोन महिने वाया गेले, म्हणून हे लिहिते आहे.

बारावीपर्यंत वेगळा कायदा चालतो. मुलाला अडचण आहे हे शाळेनेच ओळखायचं, आयईपी म्हणजे त्याच्यापुरता शिक्षणाचा लेखी आराखडा करायचा, आईवडिलांना बैठकीला बोलवायचं. कॉलेजात पाऊल टाकलं की तो आयईपी संपतो. आता मुलाने स्वतः कॉलेजच्या डिसअ‍ॅबिलिटी ऑफिसात, म्हणजे या सवलती देणाऱ्या कार्यालयात जायचं, निदानाचे कागद द्यायचे, सवलत मागायची. आईने फोन केला तर मुलाच्या लेखी परवानगीशिवाय सहसा कोणी बोलत नाही. वेळेत सुरुवात करणं, फॉर्म पुरा करणं, अडलं की विचारणं हेच ज्याला जड जातं, त्याच्यासाठी मदतीची पहिली पायरीच सर्वांत उंच आहे.

म्हणून मी कॉलेजांची तुलना एकाच प्रश्नावर करते. तिसऱ्या आठवड्यात मुलगा वर्गात जायचा थांबला, तर ते कोणाच्या लक्षात येईल आणि हाक कोण मारेल?

नेहमीचं कॉलेज, जिथे फक्त डिसअ‍ॅबिलिटी ऑफिस आहे, तिथे उत्तर बहुतेक वेळा ‘कोणीच नाही’ असं येतं. यात ऑफिसचा दोष नाही, त्यांचं कामच मागेल त्याला देण्याचं आहे. सवलतीचं पत्र बऱ्याच ठिकाणी दर सेमिस्टरला नव्याने काढावं लागतं, प्रत्येक प्राध्यापकाकडे पोचवावं लागतं, परीक्षेची वेगळी खोली काही दिवस आधी बुक करावी लागते. ज्या मुलाची घडी बसली आहे, जो स्वतःचं कॅलेंडर स्वतः पाळतो आणि ज्याला फक्त पेपरला वेळ कमी पडतो, त्याला एवढं पुरतं. त्याने उगाच जास्त पैसे भरू नयेत.

दुसरा प्रकार म्हणजे नेहमीच्याच कॉलेजात चालणारा, वेगळी फी घेणारा कार्यक्रम. अ‍ॅरिझोना विद्यापीठाचं सॉल्ट सेंटर १९८० पासून आहे. बॉस्टनजवळच्या मिल्टनमधल्या करी कॉलेजचा पाल कार्यक्रम तर १९७० चा. इथे ठरलेल्या माणसाला नियमित भेटायचं, आठवड्याचं काम त्याच्यासमोर मांडायचं, ते तुकड्यांत वाटून घ्यायचं. शिकवणी आणि कोचिंग देणं कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून त्याची फी वेगळी. मोठ्या विद्यापीठाचे सगळे विषय आणि शिवाय ओळखीचं एक माणूस, हा मेळ मला सर्वांत जास्त पटतो. पण विचारून घ्या: मुलाने लागोपाठ दोन भेटी चुकवल्या तर तुम्ही काय करता? ‘आम्ही ईमेल पाठवतो’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. न उघडलेल्या ईमेलमध्येच तर आमची मुलं हरवतात.

तिसरा प्रकार अगदी निराळा. व्हरमाँटमधल्या पुटनी गावातलं लँडमार्क कॉलेज १९८५ साली सुरू झालं, फ्लोरिडातल्या लीसबर्गचं बीकन कॉलेज १९८९ साली. ही कॉलेजंच वेगळ्या रीतीने शिकणाऱ्या मुलांसाठी उभी आहेत. वर्ग लहान, आणि वेळेचं नियोजन हाही शिकवायचाच भाग. स्वतःबद्दल कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही, आणि शाळेत वर्षानुवर्षं ‘आळशी’ ऐकलेल्या मुलाला याचा केवढा आधार वाटतो! उणी बाजूही आहे. खर्च भारी आणि विषय मोजके. हव्या विषयाची पदवी तिथे आहे का, हे आधी पाहा. लँडमार्कला दोन वर्षांची असोसिएट पदवी करून पुढे दुसरीकडे जाण्याचा रस्ताही आहे.

एक गोष्ट कोणी फारशी तपासत नाही, ती म्हणजे वेळापत्रक. कोलोरॅडो कॉलेजात १९७० पासून एका वेळी एकच विषय शिकवतात, साडेतीन आठवड्यांत तो संपवतात आणि मग पुढचा घेतात. आयोवातल्या कॉर्नेल कॉलेजातही १९७८ पासून अशीच पद्धत आहे. हे न्यूयॉर्कचं कॉर्नेल विद्यापीठ नव्हे. पाच विषयांच्या पाच डेडलाइन डोक्यात खेळवाव्या लागत नाहीत, ही मोठी सुटका आहे. पण दोन दिवस आजारी पडलं की नेहमीच्या सेमिस्टरमधला जवळजवळ दोन आठवड्यांचा अभ्यास हातचा जातो. एका गोष्टीत बुडून जाणाऱ्या मुलाला हे मानवतं. ज्याला सुरू व्हायलाच चार दिवस लागतात, त्याने इथे जपून.

औषधांचंही आधीच बघा. एडीएचडीची उत्तेजक वर्गातली औषधं अमेरिकेत शेड्यूल दोनमध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांत येतात. त्यांना रिफिल नसतं, दर वेळी नवं प्रिस्क्रिप्शन लागतं. कॅम्पसवरच्या सगळ्याच दवाखान्यांत ती लिहून मिळत नाहीत. प्रवेशाआधी विचारा, नाहीतर ऐन मिडटर्मच्या आठवड्यात गोळ्या संपतात आणि नवा डॉक्टर शोधायची वेळ येते.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. झेपत नाही म्हणून एखादा विषय परस्पर सोडू नका. वैद्यकीय कारणाने कमी क्रेडिट घेता येतात, पण डॉक्टरचं पत्र देऊन आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची मंजुरी आधी घ्यावी लागते, आणि एका पदवीच्या काळात अशी सूट एकूण १२ महिनेच मिळते. डिसअ‍ॅबिलिटी ऑफिस आणि हे कार्यालय एकमेकांशी बोलतात का, हेही विचारा.

हे सगळे प्रश्न मुलानेच फोन करून विचारावेत, आपण शेजारी बसावं. अर्जात किंवा मुलाखतीत नेहमीचं कॉलेज अपंगत्वाबद्दल विचारू शकत नाही, आणि या चौकशीचा प्रवेशाशी संबंध नसतो, हे त्याला आधी सांगून ठेवा. आमच्या लेकाने तो पहिला फोन लावायला नऊ दिवस घेतले. फक्त ऑफिस असलेली चार कॉलेजं आम्ही दहाव्या दिवशी यादीतून काढून टाकली.