व्हेरिकोसील: थांबावं, 'मायक्रो' करावं की 'दुर्बिणीतून'?

माझा मावसभाऊ सोलापुरात यंत्रमागावर आहे. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी डाव्या अंडकोषात ओढल्यासारखं दुखायचं, आडवा झाला की बरं वाटायचं. दोन उन्हाळे त्याने 'उष्णता झालीय' म्हणत सब्जाच्या पाण्यावर काढले. लग्नाला दोन वर्षं होऊनही मूल नाही म्हटल्यावर तपासण्या सुरू झाल्या, त्याही बायकोच्याच. वीर्य तपासणी सगळ्यात स्वस्त नि सोपी, पण आपल्याकडे तिचा नंबर शेवटी. त्यात शुक्राणू कमी निघाले आणि डॉक्टरांच्या हाताला फुगलेल्या शिरा लागल्या.

हेच व्हेरिकोसील: पायात व्हेरिकोज शिरा फुगतात तशा अंडकोषातल्या शिरा फुगतात. शिरांमधल्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त खाली साचतं. शुक्राणू नीट तयार व्हायला वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. साचलेलं रक्त ते मिळू देत नाही. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून त्रास बहुधा डावीकडेच. 100 पुरुषांत साधारण 15 जणांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. म्हणून 'कोणतं ऑपरेशन?' याआधी 'ऑपरेशन हवंच का?' हे विचारा.

हाताला काही लागत नाही, फक्त सोनोग्राफीत दिसलंय, तर नको. दुखत नाही आणि वीर्य तपासणी चांगली आहे, तर अधूनमधून तपासत राहा. शिरा हाताला लागतात, दोन वेगवेगळ्या वेळच्या तपासण्या बिघडलेल्या आहेत आणि मूल हवंय, तेव्हा ऑपरेशनला अर्थ आहे. लंगोट, विश्रांती, गोळ्या करूनही दुखणं हटत नसेल तरी, किंवा वयात येणाऱ्या मुलाचं त्या बाजूचं वृषण वाढीत मागे पडत असेल तरी. गोळ्यांनी फुगलेली शीर आकसत नाही, भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती काहीही म्हणोत.

शीर फक्त उजवीकडे फुगली असेल, अचानक उद्भवली असेल किंवा आडवं झाल्यावरही ओसरत नसेल, तर आधी पोटाची तपासणी. क्वचित मूत्रपिंडाची गाठ त्यामागे असते.

आता खरा घोळ. लॅप्रोस्कोपीला आपण 'दुर्बीण' म्हणतो, त्यामुळे भावाला मायक्रोसर्जरी म्हणजे तेच वाटलं. ती दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. दुर्बिणीत पूर्ण भूल देऊन पोटाला छिद्रं पाडतात आणि शीर वरच्या बाजूला बंद करतात. काम लवकर उरकतं, दोन्ही बाजू त्याच छिद्रांतून होतात. मायक्रोसर्जरीत जांघेजवळ दोन-तीन सेंटीमीटरचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक शीर बांधतात. धमनी आणि लसीकावाहिन्या (ऊतींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) राखतात. वेळ जास्त, पण शिरा पुन्हा फुगण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन आणि अंडकोषात पाणी साचणं विरळा. दुर्बिणीत ही दोन्ही प्रमाणं जास्त. माझं मत मायक्रोच्या बाजूने, पण हात बसलेला सर्जन मिळाला तरच. 'सूक्ष्मदर्शक वापरता का? अशी किती केलीत?' हे तोंडावर विचारायला लाजू नका.

तिसरा मार्ग एम्बोलायझेशनचा. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून कॉइलने, म्हणजे धातूच्या बारीक वेटोळ्याने, शीर आतून बंद करतात. टाके नाहीत, पूर्ण भूल नाही. कधी मात्र नळी शिरेपर्यंत पोचतच नाही. ऑपरेशननंतर पुन्हा फुगलेल्या शिरेसाठी मला हा जास्त पटतो. तो सगळीकडे होत नाही. सोलापुरात सोय लागली नाही तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुणं गाठायची तयारी ठेवा.

आणि आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार? तो शिरा दुरुस्त करत नाही, वेळ वाचवतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे ऑपरेशनचा फरक तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. गर्भ राहायला बहुधा सहा महिने ते वर्ष. बायको पंचविशीत असेल तर हा काळ परवडतो. सदतिसाव्या वर्षी एकेक महिना महाग, तिथे यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोलूनच ठरवा.

भावाची बायको 26 वर्षांची आहे. त्याने मायक्रो निवडलं. मालकाला सांगितलं, आठवडाभर येत नाही आणि महिनाभर मागाचा जड बीम (सूत गुंडाळलेला रूळ) उचलणार नाही. तारीख जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकल्यावरची. पहिली वीर्य तपासणी एप्रिलअखेर.