थायलंडचं मल्टिपल री-एंट्री परमिट: दहा महिने, चार फेऱ्या

मी गोव्यातल्या डिचोलीचा, बँकॉकमध्ये एका हॉटेलच्या इंडियन किचनमध्ये शेफ आहे. सुट्टीवर घरी आलो की थायलंडला निघालेली आपल्याकडची पोरं भेटायला येतात. पगार किती, खोली कितीला मिळते, मासे कसे मिळतात, सगळं विचारतात. री-एंट्री परमिटचं, म्हणजे देशाबाहेर जाऊन पुन्हा त्याच मुदतीवर परत येण्याच्या परवान्याचं, आजवर एकानेही विचारलेलं नाही. मीही जाताना कोणाला विचारलं नव्हतं आणि ते मला फार महागात पडलं.

नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर तिथे उतरलं की सुरुवातीला ९० दिवस मिळतात. तेवढ्यात कंपनी वर्क परमिट काढते आणि इमिग्रेशनकडून वर्षभराची मुदतवाढ घेते. तिची फी १,९०० बात (थाई चलन), आणि आपल्यासारख्या भारतीयाचा पगार महिन्याला किमान ३५,००० बात असावा लागतो. पण री-एंट्री परमिट न घेता तुम्ही देशाबाहेर पडलात की ही मुदतवाढ रद्द होते. वर्क परमिट खिशात असलं तरी काही उपयोग नाही, कारण ते कामाचं आहे, राहण्याचं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसऱ्याच्या दिवसांत, आजी गेली. रात्री दादाचा फोन आला. कंपनीची कागदपत्रं बघणाऱ्या एजंटला विचारलं, तर म्हणाला, "वर्क परमिट आहे ना, मग बिनधास्त जा." मी गेलो. तेरावं आटोपून परतलो तेव्हा काउंटरवरच्या बाईने शिक्का मारला आणि मी तो न बघताच बाहेर पडलो. भारतीयांना तेव्हा पर्यटक म्हणून ६० दिवस व्हिसाशिवाय मिळत होते, माझ्या पासपोर्टवर तोच शिक्का बसला होता. दहा-बारा दिवसांनी ऑफिसने पाहिलं आणि त्याच दिवशी मला किचनमधून घरी पाठवलं. पर्यटकाच्या शिक्क्यावर काम करणं हा तिथे गुन्हा आहे.

त्यानंतर २,००० बात भरून व्हिसा पुन्हा नॉन-बी करून घेतला. मग वर्क परमिटची फाइल पहिल्यापासून, आणि शेवटी पुन्हा मुदतवाढ. त्यात माझ्या डिप्लोमावर आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, पासपोर्टवर इंग्रजी. पहिल्या वेळी कोणी बोललं नव्हतं, या वेळी अडलं. दादाने डिचोलीहून ॲफिडेव्हिट करून पाठवलं. ते सगळे आठवडे बिनपगारी गेले. आपल्यातल्या बऱ्याच जणांची आडनावं अशी दोन प्रकारे लिहिलेली असतात. ते काम निघण्याआधीच उरकून घ्या.

मार्च २०२५ मध्ये मुदतवाढ मिळाली, तेव्हा मी स्वतः चेंग वत्थनाच्या इमिग्रेशन ऑफिसात टोकन घेऊन बसलो. टीएम ८ चा फॉर्म, एक फोटो, पासपोर्टच्या प्रती, प्रत्येक प्रतीवर सही. एका फेरीचं परमिट १,००० बात, कितीही फेऱ्यांचं ३,८००. मी ३,८०० चं घेतलं.

नुसता पैशांचा हिशेब केला तर चौथ्या फेरीला ते परवडायला लागतं. माझ्या बरोबर चार झाल्या: मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न, ऑगस्टमध्ये गणपतीची चवथ, ऑक्टोबरमध्ये हॉटेलच्या कामाने चार दिवस सिंगापूर. चौथी नोव्हेंबरमध्ये. रात्री अकराला वहिनीचा फोन, बाबांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलंय, छातीत दुखतंय. सकाळच्या विमानाने मुंबई आणि तिथून गोव्याचं मोपा विमानतळ. त्या रात्री मी बॅग भरली, आईशी बोललो, डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं. परमिटचा विचारसुद्धा मनात आला नाही. आजीच्या वेळी परत येऊन जे भोगलं, त्यानंतर या एका रात्रीसाठी मी ३,८०० च काय, दुप्पटही दिले असते. बाबा आता बरे आहेत.

परमिट असलं तरी परतताना सावध राहावं लागतं. मे महिन्यात परत आलो तेव्हा बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पानं भराभर उलटली, परमिटचं पान अंगठ्याखालून निसटलं आणि पुन्हा ६० दिवसांचा शिक्का! या वेळी मी काउंटर सोडला नव्हता. परमिटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं, "री-एंट्री" म्हणालो. त्यांनी शिक्का रद्द करून मुदतवाढीच्या तारखेचा नवा मारला, दोन मिनिटांत काम झालं. तेव्हापासून त्या पानात मी कागदाची पिवळी पट्टी घालून ठेवतो आणि पासपोर्ट उघडाच हातात देतो. शिक्क्यावरची तारीख तिथेच, काउंटरवर उभ्यानेच वाचायची.

१ मे २०२५ पासून थायलंडला उतरण्याआधी डिजिटल आगमन कार्डही भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर लगेच बंद करा. ९० दिवसांनी पत्ता कळवण्याचा जो रिपोर्ट असतो, त्याची मोजणी मात्र बाहेर जाऊन आलं की नव्याने सुरू होते. मला वर्षभरात त्यासाठी जवळजवळ जावंच लागलं नाही.

खटकलेली गोष्ट एकच, पण मोठी आहे. परमिट मुदतवाढीच्या तारखेलाच संपतं. मुदतवाढीचे दोन महिने उरलेले असताना घेतलंत, तर ३,८०० मध्ये दोनच महिने मिळतात. अशा वेळी १,००० चं घ्या. नोकरी सुटली तर मुदतवाढीबरोबर तेही गेलं, पैसे परत मिळत नाहीत.

माझी मुदत मार्चमध्ये संपते. नवीन मुदतवाढ हातात पडली की त्याच दिवशी, त्याच इमारतीत, टीएम ८ भरणार आहे. फोटो आत्ताच डिचोलीत काढून घेतलेत.