ग्रॅव्हच्या साइटला स्निपकार्ट जोडलं : एक हंगाम वापरल्यावर

कुडाळच्या एका घरगुती उद्योगाची साइट मी सांभाळतो. माल मोजका: आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी. साइट ग्रॅव्ह या साइट बनवायच्या प्रणालीवर, म्हणजे डेटाबेस नाही, प्रत्येक वस्तूची एक मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल. एवढ्याशा मालासाठी वूकॉमर्स (वर्डप्रेसवरचं दुकान) आणि त्याच्या अपडेट्सचं लोढणं नको होतं, म्हणून स्निपकार्ट: असलेल्या साइटला खरेदीची टोपली आणि ऑर्डरची सोय जोडणारी सेवा.

जोडणी खरंच सोपी आहे. फाइलच्या माथ्यावरच्या यामलमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या ओळींत) भाव, वजन, वस्तूचा कोड लिहायचा; ट्विग टेम्प्लेटमधलं, म्हणजे पानाच्या साच्यातलं, खरेदीचं बटण तिथूनच ते उचलतं. आगळाचा भाव वाढला की एका ओळीतला आकडा बदलायचा.

बटणातला भाव कुणी ब्राउझरमध्येच बदलला तर? ती भीती नाही. ऑर्डर पुरी होताना स्निपकार्टचा सर्व्हर बटणात दिलेल्या पत्त्यावर स्वतः जाऊन पानावरचा भाव पडताळतो, जुळला नाही तर ऑर्डर अडवतो. लॅपटॉपवरच्या साइटपर्यंत तो सर्व्हर पोचत नाही, त्यामुळेच तिथे पूर्ण चाचणी होत नाही. वेगळं सबडोमेन घेऊन स्निपकार्टच्या टेस्ट कीवर (चाचणीसाठीच्या खात्याच्या किल्लीवर) तपासा.

खरी मेहनत पैसे घेण्यात आहे. पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, स्ट्राइप इथे निमंत्रणाशिवाय नवं खातं देत नाही. आपल्या गिऱ्हाइकाला तर यूपीआयच हवं. स्निपकार्टच्या कस्टम गेटवेतून (आपली पैसे घ्यायची सेवा जोडायच्या सोयीतून) यूपीआय घेणारं रेझरपे जोडता येतं, पण मधला दुवा आपणच लिहायचा: पैसे जमा झाल्याची खात्री करून स्निपकार्टला कळवणारी छोटी पीएचपी स्क्रिप्ट. ग्रॅव्ह पीएचपीवरच चालतं, त्यामुळे होस्टिंग तेच पुरलं. मात्र कोड लिहिता येत नसेल तर इथे माणूस लागेल, आणि त्याचे पैसे आधीच हिशेबात धरा.

शिल्लक मालाचा आकडा मात्र फाइलमध्ये ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. शेवटच्या बाटलीवर दोघांनी एकाच वेळी बोट ठेवलं तर फाइल कुणाची आधी लिहायची? शिवाय कॅशमधलं, म्हणजे साइटने आधीच साठवून ठेवलेलं, पान जुनाच आकडा दाखवत राहतं. साठा आणि ऑर्डरी स्निपकार्टच्या डॅशबोर्डवर, वर्णन आणि भाव फाइलमध्ये, अशी वाटणी केली आणि मे महिन्याची गर्दी नीट निभावली.

वजन ग्रॅममध्ये द्यायचं असतं, तेही काचेची बाटली आणि खोक्यासकट द्या. कुरिअरचा दर त्यावरच लागतो. स्निपकार्टला विक्रीवर टक्केवारी जाते आणि विक्री कमी असली तरी महिन्याची किमान रक्कम भरावीच लागते, म्हणून वर्षातून चार ऑर्डरी येत असतील तर व्हॉट्सअॅपच बरं.