डीएनए किटमधला ‘अश्मयुगीन मेंदू’: अडीच हजार रुपये जास्त द्यावेत का?

मुंबईत घरपोच मिळणाऱ्या डीएनए वंशावळ किटांपैकी एकाने मूळ रिपोर्टला आता एक पुरवणी जोडली आहे. अडीच हजार रुपये जादा भरा, स्वमग्नता (ऑटिझम) आणि एडीएचडीचे (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) गुण तुमच्याकडे ‘कोणत्या आदिम पूर्वजांकडून’ आले ते सांगतो, असा दावा. नाव देत नाही, कारण अशी मांडणी विकणारी ही एकटीच कंपनी नाही. मूळ रिपोर्ट ठीकठाक आहे. पुरवणी घेऊ नका.

आधी किट. लाळ देण्यापूर्वी अर्धा तास खाणं, चहा, तंबाखू, बडीशेप सगळं बंद. नळीवरच्या रेघेपर्यंत साधारण दोन मिलिलिटर लाळ लागते, फेस सोडून. बहुतेकांचं इथेच चुकतं: फेस रेघेला टेकतो आणि खाली लाळ निम्मीच असते. मग झाकण घट्ट बसवायचं म्हणजे त्यातलं द्रावण नळीत उतरतं, आणि नळी पाच-दहा सेकंद हलवायची. द्रावण नीट मिसळलं तर ऑक्टोबरच्या उकाड्यातही नमुना कुरिअरच्या पिशवीत टिकतो. नाही मिसळलं तर तोंडातले जिवाणू वाढत राहतात, डीएनए तुटतो आणि लॅब दुसरी नळी मागते. ज्या लहानग्यांना नळीत थुंकणं जमत नाही त्यांच्यासाठी गालाच्या आतून फिरवायचा स्पंज वेगळा मागवावा लागतो. पत्रकात याचा उल्लेख नाही. आणि पत्रक मराठीत नाही, हे मुंबईत विकताना तरी सुचायला हवं होतं.

पुरवणीचं पहिलं पान निअँडरथल वाट्याचं, म्हणजे नामशेष झालेल्या निअँडरथल मानवांकडून आपल्या डीएनएत आलेल्या हिश्शाचं. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत हा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि लॅबमध्ये लाळेतला डीएनए ज्या चिपवर वाचतात तिच्यावरून त्याचा अंदाज बांधता येतो, इथवर तक्रार नाही. पुढे मात्र ‘वाटा जास्त म्हणून स्वमग्नतेकडे कल जास्त’ असं सुचवलंय. ज्या संशोधनाचा हा आधार, ते २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबांच्या माहितीवर झालं आणि त्याचा निष्कर्ष वेगळा आहे: स्वमग्न व्यक्तींत निअँडरथल डीएनए एकूण जास्त नाही, त्यातले काही ठरावीक बदल तेवढे जास्त आढळतात. म्हणजे टक्केवारीवरून काहीच कळत नाही, आणि पानभर मोठ्या आकड्यात छापली आहे ती टक्केवारीच.

दुसरं पान ‘शिकारी जनुका’चं, म्हणजे एडीएचडी शिकारी पूर्वजांकडून आली असं सुचवणारं, आणि सगळ्यात मोठी फसगत तिथे आहे. डीआरडी४ या जनुकात डीएनएच्या ४८ अक्षरांचा एक तुकडा २ ते ११ वेळा लागोपाठ येतो. तो सात वेळा आला की ‘७आर’ प्रकार. एडीएचडीशी संबंध जोडला जातो तो याचा. आता, चिप ठरलेल्या जागचं एकेक अक्षर वाचते. तुकडा किती वेळा आला हे तिला मोजता येत नाही. त्यासाठी पीसीआर करून (त्या भागाच्या असंख्य प्रती काढून) जेलच्या थरावर त्यांची लांबी बघावी लागते: तुकडा चार वेळा आलेल्या आणि सात वेळा आलेल्या पट्ट्यांत १४४ अक्षरांचा फरक पडतो, तो डोळ्यांना सरळ दिसतो. रिपोर्टच्या तळटीपेत बारीक अक्षरात आरएस१८००९५५ हा डीएनएतल्या एका जागेचा क्रमांक आहे. ती जागा त्याच जनुकाच्या सुरुवातीआधीच्या नियंत्रक भागात आहे, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांत नाही. मजला विचारला आणि पिनकोड सांगितला, असा हा प्रकार.

शिवाय ७आर दक्षिण आशियात क्वचितच सापडतो. तो मुबलक आहे अमेरिका खंडांतल्या मूळ रहिवाशांत. आणि ‘शिकारी’ कुठून आले? केनियातल्या अरिआल लोकांवरचा २००८ चा अभ्यास इथे वापरलेला दिसतो. ते गुरं राखणारे. भटक्या अरिआल पुरुषांत ७आर असलेले अंगाने बरे निघाले, स्थायिक झालेल्यांत उलट. शिकारीचा त्यात संबंधच नाही.

तिसऱ्या पानावरच्या ‘स्वमग्नता गुणांका’बद्दल (अनेक छोट्या जनुकीय बदलांची बेरीज) एवढंच: अशा गुणांकांमागची मोठी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. २०१९ च्या मोठ्या अभ्यासात १८,३८१ स्वमग्न व्यक्ती होत्या, आणि त्या लोकांतही हा गुणांक स्वमग्न असण्या-नसण्यातल्या फरकाचा अगदी थोडा भाग समजावू शकतो. गिरगावातल्या माणसाला तोच लावून शंभरपैकी मार्क देणं म्हणजे निव्वळ सजावट.

गंमत म्हणजे प्राचीन डीएनएमध्ये जे खरंच दिसतं, ते पुरवणीत नाहीच. हाडांतून स्वमग्नता वाचता येत नाही, पण गुणसूत्रांची संख्या कळते. २१व्या गुणसूत्राचे तुकडे अपेक्षेच्या दीडपट आले की डाउन सिंड्रोम. २०२४ मध्ये सुमारे १०,००० प्राचीन व्यक्तींचे नमुने असे चाळले, त्यांत सहा सापडल्या. बहुतेक अर्भकं. त्यांतली काही स्पेनमधल्या लोहयुगीन वस्त्यांत घराच्या जमिनीखाली पुरलेली होती, काहींसोबत मौल्यवान वस्तूही. समाजाने या मुलांना आपलं मानलं होतं, असं म्हणायला इथे निदान पुरावा आहे.

‘तुमचे भारतीय अश्मयुगीन पूर्वज’ हे शीर्षकही तसंच पोकळ. आपल्या उष्ण हवेत जुना डीएनए फारसा टिकत नाही. हरियाणातल्या राखीगढीच्या कामात ६१ नमुने तपासून एकाच स्त्रीचा जीनोम (सगळा डीएनए-संच) हाती लागला (२०१९), आणि ती सिंधू संस्कृतीतली, अश्मयुगातली नव्हे.

मुलाच्या काळजीने हे विकत घेणाऱ्या पालकांनी पैसे विकासात्मक बालरोगतज्ज्ञाच्या फीसाठी ठेवावेत. आयएसएए ही स्वमग्नता तपासायची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी मुलाचं वागणं पाहून भरतात, लाळ पाहून नाही.

मूळ रिपोर्ट घेतलाच तर आपल्या डीएनएची कच्ची फाइल लगेच उतरवून घ्या; लिंक काही दिवसांत बंद होते. आणि नोंदणीच्या तिसऱ्या पडद्यावरची ‘संशोधनासाठी वापर’ ही खूण आधीच केलेली असते, ती काढा.