क्लिपवाला ग्रो लाइट: आफ्रिकन व्हायोलेटला चालेल, जास्वंदीला नाही

खिडकीला चिमटा लावून अडकवायचा, चार लवचीक दांड्यांचा यूएसबी ग्रो लाइट (झाडांना उजेड देणारा दिवा) हल्ली मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातही मिळतो आणि ऑनलाइनही. खोक्यावर ‘८० वॅट’ छापलेलं असतं. सोबतचा अ‍ॅडॅप्टर उलटा करून वाचा: ५ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे फार तर १० वॅट, तेही चारही दांड्यांत वाटून.

एवढ्यावर जास्वंद, गुलाब, मोगरा फुलवायचा बेत असेल तर पैसे वाचवा. त्यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. दिव्याखाली पानं येतील, पण पेरं लांब पडतील, फांद्या खिडकीकडे झुकतील आणि धरलेल्या चार कळ्याही गळतील. समोर टॉवर उभा राहून गॅलरीचं ऊन गेलं असेल, तर ते या दिव्याने परत येत नाही.

आफ्रिकन व्हायोलेट आणि पीस लिलीला मात्र दिवा छान मानवतो. पानांपासून २० ते २५ सेंमीवर, रोज १२ तास. अंतर दुप्पट केलं तर उजेड निम्म्याहून बराच खाली जातो, त्यामुळे दांडी नुसती ‘कुंडीच्या दिशेने’ वळवून भागत नाही. व्हायोलेटची मधली पानं आवळून फिकट झाली तर दिवा ५ सेंमी वर घ्या. देठ लांबून पानं उभी राहू लागली तर खाली आणा. दिव्याच्या जांभळ्या उजेडापेक्षा पांढरा मोड बरा. जांभळ्यात पिवळं पान आणि मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) दोन्ही नजरेतून सुटतात.

खरी मेख दिव्याच्या टायमरमध्ये आहे. तो घड्याळ बघत नाही, बटण दाबल्यापासून तास मोजतो. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. डिसेंबरात मुंबईचा दिवस जेमतेम ११ तासांचा, म्हणून ती तेव्हा आपसूक फुलते. पण सकाळी १० वाजता १२ तासांचं बटण दाबलंत तर दिवा रात्री १० पर्यंत चालू, म्हणजे शेवंतीच्या लेखी १५ तासांचा दिवस. नुसता पाला वाढतो. पॉइन्सेटियाचंही तसंच. बटण सकाळी ७ लाच दाबा.

वीज महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. चिमट्याची स्प्रिंग आणि यूएसबीचा जोड खाऱ्या, दमट हवेत गंजतात. पावसाळ्यात दिवा ग्रिलवरून काढून घरात घ्या.